दुसऱ्या तासाचे कागद

ज्यांनी तिला ढोंगी ठरवलं, त्यांच्यापैकी एकानेही तिच्याजवळ सलग दहा मिनिटं बसायची तसदी घेतली नव्हती. फाइलवर मात्र ठसठशीत शेरा होता : नाटक. आज चारला घरी सोडा.

ज्युनियर डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी म्हणजे कुठे? पेशंटच्या धाकट्या भावाच्या एका खोलीत, जिथे नळीने भरवायला कुणी नव्हतं. आठवडाही काढला नसता तिने.

खिडकीजवळच्या खाटेवरची ती बाई चित्रकलेच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं मॉडेल होती. तासन् तास निश्चल उभं राहणं हेच तिचं काम. अकरा दिवसांपूर्वी ती उजवा हात उंच करून, फळीवरून काहीतरी काढत असल्यासारखी वर्गात उभी राहिली, आणि तास संपला तरी चौथऱ्यावरून उतरली नाही. मुलं खूश होऊन चित्रं काढत राहिली. आता खाटेवर आडवी केली तरी तो हात तसाच हवेत.

"सर, मी तिचा डावा हात उचलून ठेवला, तर तोही तिथेच राहिला," सकाळी राउंडला ज्युनियर म्हणाली होती.

"अगं, आयुष्यभर तेच केलंय तिने. तिला काय अवघड आहे?" मोठे डॉक्टर हसले. मग सगळेच हसले.

म्हणून ज्युनियर जेवणाच्या सुट्टीत कॉलेजात जाऊन त्या दिवसाची चित्रं घेऊन आली. त्या वर्गाची शिस्त होती : दर पंधरा मिनिटांनी नवा कागद, आणि कोपऱ्यात वेळ.

साडेतीनचा वॉर्ड सुस्तावला होता. पडदे अर्धे ओढलेले. स्पिरिटच्या वासात कागदांवरच्या कोळशाचा कोरडा वास हळूहळू मिसळत होता. तिने एकाच मुलाचे आठ कागद फरशीवर ओळीने मांडले. पहिल्या तासात मनगट वर्गाच्या खिडकीच्या वरच्या गजापाशी होतं. मग दर कागदावर बोटभर खाली. गुडघा जरासा वाकलेला. मुद्दाम घेतलेली पोझ थकते, शरीर चोरून विसावा घेतं.

दुसऱ्या तासात मनगट पुन्हा गजापाशी गेलं होतं. आणि चारही कागदांवर तसूभर हललं नव्हतं.

फक्त त्या चार कागदांवर कोपराखाली बोटांएवढ्या चार आखूड, काळ्या रेघा होत्या. शेजारी शेजारी. तिने दुसऱ्या मुलांचे कागद चाळले. त्यांतही होत्या.

सावली असेल… तिने स्वतःला बजावलं. वेळ कुठे होता?

मोठे डॉक्टर आले, तेव्हा तिने दुसऱ्या तासाचे दोन कागद एकमेकांवर ठेवून उजव्या हाताने खिडकीच्या उजेडात उंच धरले. रेषेवर रेष बसली.

"सर, पहिला तास तिने केलाय. दुसरा तिला झालाय."

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "सिस्टर, इंजेक्शन द्या. खरंच आजार असेल, तर हात उतरेल. वीस मिनिटं बघू."

कुठेतरी नळ ठिबकत होता. सतराव्या मिनिटाला करंगळी हलली, आणि अकरा दिवस वर असलेला तो हात अलगद चादरीवर उतरला.

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तो शेरा खोडला. "चुकलोच मी," ते म्हणाले, अख्ख्या वॉर्डासमोर. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. ज्युनियरचा ऊर भरून आला. तिने डाव्या हाताने बाईचा पंजा घट्ट धरला.

"जिंकलो आपण, ताई."

बाईचे ओठ सुटले. "सोडलं… एकदाचं तिने."

"कुणी, ताई?"

बाई तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. जरा बाजूला, हवेत कुठेतरी बघत होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी बादली सरकवत म्हणाल्या, "डॉक्टर, ते कागद खाली घ्या की आता. मघापासून हात वरच आहे तुमचा."