निवांत नाडीचा पुरावा

फोडणीत मोहरी तडतडली आणि ऋजुताच्या मनगटावरची नाडीपट्टी क्षणभर पिवळी झाली. मागे टेबलाशी निरंजनने चहाचा कप बशीत टेकवला. अजिबात आवाज न करता.

"सावकाश," तो म्हणाला.

तिने खांदे सैल सोडले, श्वास पोटापर्यंत नेला. पट्टी हिरवी झाली. पाठोपाठ भिंतीवरचा घराचा दिवाही हिरवा झाला आणि निरंजन समाधानाने पोह्यांची वाट पाहू लागला.

कुटुंब सौख्य अधिनियम आल्यापासून कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात असा दिवा होता. मनगटावरची पट्टी नाडीची गती आणि त्वचेवरचा घाम टिपी, भिंतीवरचा दिवा आवाजाची पट्टी टिपी, आणि या सगळ्याच्या सरासरीतून घराचा सौख्यांक निघे. हेतू अर्थातच उदात्त होता. भेदरलेली बाई न्यायालयात बोलू शकत नाही, तर तिच्या वतीने तिची नाडी बोलेल, असे विधिमंडळात सांगितले गेले आणि बाके वाजली. जुन्या स्मृतिकारांनी स्त्रीची साक्ष अविश्वसनीय ठरवली होती खरी. पण अविश्वास दाखवायला तरी तिला तोंड उघडू द्यावे लागे. नव्या शास्त्राने तोही वेळ वाचवला.

मुलीला, स्वरदाला, शाळेत सोडून ऋजुता शाहूपुरीत ॲडव्होकेट हमीदा मुजावर यांच्या कार्यालयात गेली. कौटुंबिक न्यायालयात केस पिकवलेल्या मुजावरबाईंनी आधी तिच्या घराची शासकीय नोंद उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ब्याण्णव? अगं, माझ्या घरात मी आणि मांजर. तरी सत्तरच्या वर जात नाही."

ऋजुताला हसू आले, पट्टी पिवळी लुकलुकली आणि तिला त्याचीच धास्ती वाटली.

"हे बघ, घटस्फोटाचे रस्ते दोन. परस्पर संमतीचा सोपा. नवरा सही करेल?"

"तो म्हणतो, आपलं घर सुखी आहे. आकडाच सांगतो."

"मग दुसरा. क्रूरतेच्या कारणावर तू एकटीने अर्ज करायचा. आधी समुपदेशन, मग साक्षीपुरावे, मग निकाल. तोवर पोटगी आणि मुलीचा अंतरिम ताबा मागू. पट्टी काढायची नाही. पुरावा दडवला म्हणतील. पोरीला घेऊन घर सोडायचं नाही. सौख्यांक वर असताना ते मूल पळवणं ठरतं. आणि माझ्यापासून काही झाकायचं नाही. ज्याची लाज वाटते, ते आधी सांग."

ऋजुताने सांगितले. निरंजनने कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. जेवणानंतर तो समोर बसे आणि तिची पट्टी पाही. ती पिवळी झाली की स्वरदाला गॅलरीत उभे करून काचेचे दार लावून घेई. पट्टी हिरवी झाली की दार उघडे. काचेपलीकडे लेक, अलीकडे आई. आणि आईने निवांत व्हायचे. ती होई. आकडा खोटा नव्हता, हेच भयंकर होते.

मुजावरबाईंचे पेन थांबले. "जिची नाडी भ्यायली नाही, ती बाई भ्यायली कशावरून, असंच विचारतील. तुझा शब्द यंत्रापुढे टिकायचा नाही." मग त्या हळू म्हणाल्या, "पण सात वर्षांच्या लेकराची नाडी खोटं बोलत नाही. समुपदेशनात तिलाही पट्टी बांधतात. बाप आत आला की तिचा दिवा लाल होईल. तेवढं पुरे."

"आणि नाही झाला तर?"

"तर अर्धा आठवडा ती बापाकडे. एकटी."

त्या दिवसापासून ऋजुता आपली लेक नीट घाबरावी म्हणून देवाला हात जोडू लागली. कुठल्या देवाकडे असले काही मागावे, हे तिला सुचत नव्हते. ती सगळ्यांकडेच मागत होती.

समुपदेशन कक्षाच्या भिंतीवर फुलपाखरे रंगवली होती आणि त्यांच्याखाली मायलेकींच्या पट्ट्यांना जोडलेले दोन दिवे होते. समुपदेशक कुंभोजकर स्वरदाला शाळेतल्या सशाबद्दल विचारत होते आणि ती हातवारे करून सांगत होती, की तो गाजर खातच नाही, बाईंच्या साडीचा पदर खातो. हसताना तिचा दिवा सारखा पिवळा लुकलुकत होता.

दार उघडले. निरंजनने सर्वांना नमस्कार केला, मुलीसमोर उकिडवा बसला आणि मऊ आवाजात म्हणाला, "कशी आहेस, राणी?"

दिवा हिरवा झाला. गडद, स्थिर हिरवा.

"बघा!" कुंभोजकर हरखून म्हणाले. "वडील दिसले आणि लेकरू निवलं. समईची ज्योत जशी!"

ऋजुता मात्र लेकीचे खांदे पाहत होती. ते सैल सुटले होते. श्वास पोटापर्यंत जात होता. त्याच क्षणी, सवयीने, तिनेही खांदे सैल सोडले आणि तिचाही दिवा हिरवा झाला. निरंजन दोघींकडे पाहत नव्हता. तो दिव्यांकडे पाहत होता.

"साहेब," मुजावरबाई कडाडल्या, "बाप येण्याआधी ही पोर हसत होती. आता हसत नाही. नोंद घ्या."

"हसण्याचा रकाना नसतो, वकीलबाई," कुंभोजकर सौजन्याने म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मुजावरबाई गुडघा धरत स्वरदापुढे बसल्या. "बाळ, बाबा आले तेव्हा तू काय केलंस गं?"

"झोपले. मनातल्या मनात. गॅलरीत पण झोपते, उभ्याउभ्या."

"कुणी शिकवलं?"

स्वरदाने आईकडे पाहिले. "काचेतून आई करते ना, तसं."

ऋजुताला आजवर वाटत होते, की त्या काचेतून ती लेकीला सोडवत होती.

मुजावरबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. "पुढच्या तारखेला मी फेरतपासणी मागते. ती शेवटची. हिला खोटं काही शिकवायचं नाही. शिकलेलं तेवढं सोडायला सांगायचं. पण ते मी नाही सांगू शकत. तूच सांग."

व्हरांड्याच्या टोकाशी निरंजन लिफ्टचे दार हाताने अडवून, दोघींची वाट पाहत उभा होता. घाई न करता.

ऋजुता खाली वाकली. "स्वरदा, पुढच्या वेळी इथे आलो ना, की झोपायचं नाही. भीती वाटली तर वाटू द्यायची. दिवा लाल झाला तरी चालेल. झालेलाच बरा."

स्वरदाने आईचे म्हणणे नीट ऐकून घेतले. मग व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिले आणि आवाज अगदी खाली आणून विचारले,

"आणि मग त्या दिवशी घरी कुणाबरोबर जायचं?"