आपल्या श्वासावर पळणारी फियाट

ही गोष्ट ऐकीव नाही. स्टॉपवॉच माझ्या हातात होतं.

फेब्रुवारी १९८५. रविवार, सकाळचे सव्वासात. भांडुप आणि मुलुंडच्या मधला हायवे. एका बाजूला मिठागरं.

मी वनमाला. तेव्हा शाळेत खेळ शिकवायचे. माझा मोठा भाऊ सहदेव गिरणीत फिटर होता. संपानंतर त्याने भांडुपला गॅरेज टाकलं, गिरणीतल्याच दत्तारामबरोबर.

दोघांनी एका जुन्या फियाटचं इंजिन शर्यतीसाठी बांधायला घेतलं. सिलिंडर मोठे केले. इंजिनाला हवा आणि पेट्रोल देणारे कार्बोरेटर एकाच्या जागी दोन बसवले. कोणीतरी म्हणालं, टर्बो लावा ना यार, जास्तीची हवा आत कोंबतो! दत्ताराम हसला.

"इंजिनान आपल्याच श्वासार पळूक व्हया."

मग दोघांचं वाजलं. दत्ताराम म्हणाला, पिस्टनला खालून धरणारे कनेक्टिंग रॉड बदल, हे जुने टिकायचे नाहीत. दादा म्हणाला, तू घाबरतोस.

बोलणं बंद.

दिवाळीत दत्तारामला कावीळ झाली. दादा त्याला बघायला इस्पितळात गेला नाही. आज जातो, उद्या जातो...

दत्ताराम गेला.

अर्धवट राहिलेलं इंजिन दादाने एकट्यानेच जोडलं. तेवढ्यात घाटकोपरच्या नंदकिशोरने शर्यत लावली. पाव मैल, सरळ रस्ता.

मी शेवटच्या रेषेवर उभी होते. सुरुवातीच्या रेषेकडे जाण्याआधी दादा माझ्याजवळ थांबला. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं.

रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि तरीही...

हस्स... हस्स...

कार्बोरेटरमधून आवाज येत होता.

"दादा, बंद केलंस ना?"

त्याने किल्ली दाखवली. ती त्याच्या हातात होती.

मी कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर तळवा ठेवला.

तळवा आत ओढला गेला... सुटला... पुन्हा ओढला गेला.

एखादा आजारी माणूस श्वास घेतो ना, तसा.

"दादा, नको जाऊस."

"काहीतरीच काय, माले. वारा असेल."

त्याने घाईघाईने बॉनेट लावलं आणि गाडी सुरुवातीच्या रेषेकडे नेली.

तिकडे रुमाल पडला. मी घड्याळ दाबलं. दोन्ही गाड्या सुटल्या. नंदकिशोरची गाडी गर्जत येत होती. दादाची तिच्याही पुढे होती...

पण तिला आवाजच नव्हता.

रेषा पन्नास पावलांवर असताना ती एकदम मंदावली. नंदकिशोर पुढे निघून गेला.

दादाची गाडी रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"मी पाय उचलला नाही गं. पेडल... खालून कोणीतरी वर रेटलं."

नंदकिशोरनेच गाडी दोरीने ओढून गॅरेजला आणली. दुपारी दादाने इंजिनाखालचं तेलाचं भांडं काढलं.

प्रत्येक रॉडला खाली एक टोपी असते. ती दोन नटांनी आवळलेली असते. दुसऱ्या रॉडचे दोन्ही नट नव्हते.

तेलातही नव्हते.

"मी ते लावलेच नव्हते, माले..."

म्हणजे गाडी चालूच व्हायला नको होती. आणि झालीच, तर इंजिन फोडून रॉड बाहेर यायला हवा होता.

टोपी मात्र जागेवर होती. दादाने नुसतं बोट लावलं... आणि ती त्याच्या हातात पडली.

संध्याकाळी आम्ही वाकोल्याला दत्तारामच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, रत्नप्रभावहिनींनी दार उघडलं. दादा उंबऱ्यातच रडायला लागला.

"वहिनी, माफ करा. तो इस्पितळात होता, आणि मी एकदाही आलो नाही."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"असां काय म्हणतास, भावोजी? हे गेले त्याच्या आदल्या दिसाक इल्लात नाय? तासभर ह्यांचो हात धरून बसलेलात."

दादाने माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी तो सकाळपासून काळोख पडेपर्यंत गॅरेजमध्येच होता. त्याचा डबा घेऊन मीच गेले होते. बाकावर एकटाच बसला होता. हाका मारल्या, तरी ओ दिली नव्हती.

परत येताना दादा म्हणाला.

"मनात होतं गं, त्याचा हात धरून बसायचं. दिवसभर तेवढंच मनात होतं."

आता दादा म्हातारा झालाय. कधी कधी खिडकीशी बराच वेळ गप्प बसतो. नजर कुठेतरी लांब.

मी काम टाकून त्याला हाक मारते.

तो ओ देईपर्यंत... मारत राहते.