गोठलेल्या दहिवराची मोहीम

अमेरिकेला पुण्याची थंडी दाखवायची, एवढ्यासाठी आम्ही तिघं त्या डोंगरावर गेलो आणि दोघंच परत यायची वेळ आली!

आमची लेक वल्लरी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मिनेसोटात. दर ई-मेलला बर्फाचे फोटो चिकटवायची. त्या डिसेंबरात खाली एक ओळ आली : 'सुट्टी मिळेल, पण पुण्यात येऊन करू काय? तिकडे हिवाळा असतो तरी कुठे?' ती ओळ वाचल्यावर आनंदी, म्हणजे आमची ही, माझ्याशी भांडायचीच थांबली. प्रकरण गंभीर होतं ते यावरून ओळखा!

"तिला इथला बर्फ दाखवा. बघितला की येईल ती," शेवटी ती म्हणाली.

"पुण्यात बर्फ उसाच्या रसात मिळतो."

पण धायरीहून दूध घालणारा सर्जेराव दारातूनच म्हणाला, "अवो, आमच्या मागच्या डोंगराव दहिवर गोठतंय की! गवताव मीठ सांडल्यावानी दिसतंय. पर ऊन आलं की खलास."

झालं! हिचा भाचा शौनक आयटीत होता आणि त्यानं नवाकोरा कॅमेरा घेतला होता. पहाटेच्या पहिल्या बसनं आम्ही निघालो. प्रत्येकाच्या अंगात दोन स्वेटर, वर मफलर, डोक्याला कानटोपी. थंडी अशी, की माझी कवळी मी काढून खिशात ठेवली, तर ती तिथंही कुडकुडत होती. धुकं असं, की काठी त्यात टेकवून सोडली तर उभी राहिली. खोटं वाटतंय? वाटू दे!

धापा टाकत माथा गाठला. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, आणि पायाखालचं सगळं गवत पांढरंशुभ्र, काडी न् काडी साखरेत घोळल्यासारखी! आनंदी गवतापाशी खाली बसली. नुसती हात लावून बघत राहिली.

शौनकनं कॅमेरा काढला, भिंगातून पाहिलं आणि ओरडला, "काका! हे काय केलंत? आतून सगळं धूसर झालंय!"

केलं काय, तर कॅमेऱ्याला गारठा बाधू नये म्हणून मी त्याला कानटोपी घालून गरम उपम्याच्या डब्याशेजारी निजवलं होतं. वाफ भिंगात शिरली होती.

"मूल आहे का ते?" शौनक म्हणाला.

"मुलंसुद्धा अशी नाही हो सांभाळलीत," आनंदी म्हणाली.

भिंग निवळायला वेळ लागणार आणि ऊन काही थांबणार नव्हतं. बघता बघता कडेचं गवत ओलं हिरवं झालं. आम्ही सावलीच्या अंगाला पळालो. ऊन मागे, आम्ही पुढे! उतार तीव्र, खाली धुक्यानं भरलेली दरी. शेवटी कड्यालगत एक पट्टा पांढरा उरला. शौनकनं कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं रोवलं, कॅमेरा चढवला.

"निवळलं! काका, निवळलं!"

"थांब, त्या दगडावरचं गवत नीट दिसू दे," म्हणत आनंदी पुढे वाकली.

पाय सरकला. किंकाळी. आणि ती नाहीशी झाली!

मी पोटावर पडून खाली पाहिलं. दोन पुरुषभर खोल, हातभर कपारीवर ती. एका हातात बोरीचं झुडूप. झुडपाची मुळं उघडी पडत होती.

"आनंदी!"

"ओरडू नका. आधी फोटो घ्या! ऊन येतंय!"

"फोटो गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यात मी आहे. तुम्ही वर आहात. घ्या म्हणते ना! पोरगी येणार नाही हो नाहीतर!"

शेवटचं वाक्य रडतच आलं. शौनकचं बोट बटणावर होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खाली माती ढासळली.

"सोड तो कॅमेरा!" मी गरजलो. "स्वेटर काढ!"

चार स्वेटर. दोन मफलर. बाहीला बाही, गाठीवर गाठ. दोर झाला, पण अडकवायचा कशाला? ना झाड, ना खुंट. फक्त तिकाटणं! शौनक कॅमेरा सोडवू लागला. बोटं बधिर. स्क्रू हलेना. "राहू दे!" त्यानं कॅमेऱ्यासकट तिकाटणं दोन खडकांच्या फटीत आडवं ठोकलं. काच फुटल्याचा आवाज आला. दोर त्याला बांधून खाली सोडला.

"काखेतून घे! ओढतोय!"

लोकर ताणली, उसवली, करकरली. आम्ही नुसत्या सदऱ्यांनिशी ओढत होतो. तेवढ्यात झुडूप सुटलं! सगळा भार दोरावर. तिकाटण्याचा एक पाय वाकला. एक हात वर आला. मी मनगट धरलं. शौनकनं पदर धरला. ओढ! ओढ!

ती वर आली आणि आम्ही तिघं एकमेकांवर पडलो. तेव्हाच ऊन त्या पट्ट्यावर पोचलं. सगळं पांढरं लखलखलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी होऊन ओघळलं. कॅमेऱ्याचं झाकण उघडं पडलं होतं. फिल्मचं भेंडोळं बाहेर लोंबत होतं.

"घ्यायचा होता फोटो," आनंदी एवढंच म्हणाली, आणि माझा हात काही सोडेना.

घरी आल्यावर तिनं स्वतः फोन लावला. "बर्फ होता गं. फोटो नाही निघाला. मी कड्यावरून पडले." पलीकडून वल्लरीनं आधी कुठं लागलं ते तीनतीनदा विचारलं. मग, "आई, मी येते."

डिसेंबरची सुट्टी तिकीट मिळेपर्यंत निघून गेली होती. पुढची मिळाली ती मे महिन्यात! भरदुपारी वल्लरी टॅक्सीतून उतरली, लालबुंद झालेली. "आई, काय हे उकडतंय! थंडी कुठाय?"

"उशीर केलास," ही म्हणाली, आणि तिला दारातच असं घट्ट धरलं, की दोघींना घामाच्या धारा लागल्या तरी एकीलाही सुटायचं सुचेना.