दवातली पात

वरठीच्या पुढे गोल्फचं मैदान झालं, तेव्हा गावात हशा पिकला. तिकीट काढून कुणीही खेळावं, असं ते सार्वजनिक मैदान. आखणी करणाऱ्या साहेबांनी मात्र उंटावरून शेळ्या हाकल्या नाहीत. चिखल तुडवत हिंडले, मोहाची झाडं राखली. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बुजवल्या, पण त्यांचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, तसेच ठेवून वर गवत लावलं. त्यामुळे चेंडू सरळ जात नाही, जुन्या शेताच्या उतारानं वळतो. मला ते फार आवडायचं.

माझं काम पहाटेचं. हिवाळ्यात गवतावरचं दव लांब बांबूनं झाडायचं, नाहीतर बुरशी धरते. दवात मुंगूस गेलं तरी माग दिसतो.

त्या दिवशी दाट धुकं होतं. मोहाजवळच्या धुऱ्यापासून अनवाणी पावलांच्या ओळी निघाल्या होत्या. बायकांची पावलं... सगळ्यांच्या बोटांची दिशा मात्र मागं, धुऱ्याकडे. धानाच्या रोवण्यात, रोपं लावताना, बाया अशाच उलट्या सरकतात. त्या जुन्या बांधीच्या मध्यावर माग संपले होते. मधली एक ओळ मोकळी होती आणि ऐन हिवाळ्यात ओल्या चिखलाचा वास येत होता.

घरी आलो तर आई, पार्वताबाई, दाराची कडी काढत उभी होती. आठवडाभर रोज पहाटे तिचं हेच चाललं होतं. पायात चप्पल नाही, अंगात कणकण.

"कुठं चालली, आई?"

"रोवण्याले. मैदान नव्हतं तवा मोहाजवळच्या बांधीत रोवणं होतं. त्या दिवशी दुपारी मले ताप भरला, अमर. मी माझी ओळ, माझी पात अर्धी टाकून घरी आली. मागून वीज पडली अन् साऱ्याजणी गेल्या..." ती कडीवरून हात काढेना. "आपल्यात पात अर्धी टाकून कोणी जात नाही, बाबू. त्या थांबून राहिल्या."

तिला मी जाऊ देणार नव्हतो. त्या थंडीत ती परत आली नसती, एवढं मला कळत होतं. शेजारच्या सुलोचनाबाईंना तिच्याजवळ बसवलं आणि मैदानावर परत आलो. मोकळ्या ओळीत वाकलो, गवतात बोटं रोवत उलटा सरकू लागलो. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. दोन्ही बाजूंनी चिखलात पाय काढल्याचा आवाज येत होता... आणि माझ्या बुटांखाली घट्ट जमीन होती. मी मान वर केली नाही. पलीकडच्या धुऱ्याला टाच लागली, तेव्हा सगळं शांत झालं.

त्या रात्री आई गाढ झोपली. पहाटेही उठली नाही. मी खुशीत कामावर गेलो.

नवं दव पडलं होतं. पलीकडच्या धुऱ्यापुढे दुसऱ्या बांधीत पावलांच्या ओळी निघाल्या होत्या. मधली ओळ बुटांची होती, डावी टाच झिजलेली. मी माझ्या बुटाकडे पाहिलं, डावी टाच तशीच झिजलेली. मी तर आत्ताच आलो होतो...

बाकीच्या ओळी शेवटच्या धुऱ्याला पोचून थांबल्या होत्या. बुटांची पात तेवढी अर्धी राहिली होती.