शेवटच्या बसमधली झोळी

सन २००७, आषाढी अमावस्येची आदली रात्र. अकोल्यातलं आमचं भाड्याचं घर. माझा नवरा श्याम अमरावतीला गेलेला. आठला गेलेली लाईट अकराशिवाय येणार नव्हती. माझी तान्ही रडायची थांबेना, म्हणून मी नणंदेला, रागिणीला, ग्राइप वॉटर आणायला पाठवलं. अंधारात पोरगी एकटी नको, म्हणून शेजारचे चंद्रभानकाका बॅटरी घेऊन तिच्यासोबत आले आणि आमच्याकडेच टेकले.

बाळ झोळीत निजलं. मी दोरीने झोका देत होते. काका त्या उन्हाळ्यापर्यंत एका विद्यापीठाच्या बसवर ड्रायव्हर होते. (नाव मुद्दाम लिहीत नाही.) रागिणीने विचारलं, "काका, तुमच्यासंगच्या त्या देवरावनं नोकरी काहून सोडली?" मी बी.एस्सी. झालेली बाई. तिथेच विषय बदलायला हवा होता. पण मलाही ऐकायचंच होतं.

काका सांगू लागले. विद्यापीठाची दोन आवारं, जुनं आणि नवं. मधली काळी वावरं कापून खास बससाठी रस्ता काढला. दोन्ही बाजूंनी काटेरी तार. दुसरं वाहन नाही, पायी माणूस नाही, मधे थांबा नाही. कापूस वेचणाऱ्या बायांचं गाव एका बाजूला राहिलं, वावर दुसऱ्या.

मागच्या कार्तिकात दिवेलागणीला मनकर्णा नावाची बाई तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन तारेखालून घुसली आणि बसपुढे हात करून उभी राहिली. देवराव गाडी चालवत होता. त्याने वेग कमी केला. मागून कंडक्टर म्हणाला, "थांबू नोको. एकीले घेतलं त उद्या सारं गाव तारेखालून येईन." आणि दोरी ओढून दोन घंट्या दिल्या. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. देवरावने तिला वळसा घालून गाडी काढली.

सकाळच्या पहिल्या बसला ती तिथेच दिसली. लुगडं फाडून तारेच्या खांबांना झोळी बांधलेली. लेकरू केव्हाच गार झालेलं. लोकांनी ते काढून नेलं, तरी ती रिकाम्या झोळीला झोका देत राहिली. तिनेही पुढची अमावस्या पाहिली नाही. त्या वर्षांत गावोगावी कुणी ना कुणी जातच होतं. हिची बातमी कोण छापणार?

इथे मी बाळाला झोळीतून उचलून मांडीवर घेतलं. उगाच. काकांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "देवरावच्या घरीबी पोरगी होती. लग्नानंतर बारा वर्सांनं झालेली."

पौषातली रात्र. शेवटची फेरी. कंडक्टर नव्या आवारात उतरून गेलेला. गाडीत देवराव एकटा.

त्याच जागी... एक घंटी वाजली.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. आरशात पाहिलं. मागच्या बाकावर कोणी नाही. पण वरच्या दांड्याला झोळी बांधलेली.

हलत नव्हती. आत लेकरू रडत होतं.

देवराव मागे गेला. रोज रात्री घरी द्यायचा, तसा त्याने झोका दिला. एक. दोन.

रडणं थांबलं.

मग त्याने बॅटरी मारली. आत... काही नाही.

रिकामी झोळी हलवू नये, घरच्या बाळाला बाधतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

दोन घंट्या वाजल्या.

गाडी कशी आणली, त्यालाच ठाऊक नाही. घरी पोचला तर बायको दारात. हळू आवाजात म्हणाली, "बूट नोका वाजवू. लई रडत होती. आत्ताच निजली."

आढ्याची कडी तेवढी कुरकुरत होती.

"मंग?" रागिणीने विचारलं.

"मंग काय... निजली ते निजलीच."

लाईट आली.

तान्ही माझ्या मांडीवर. काकांच्या तळहातावर चुना-तंबाखू. रागिणी दोन्ही हातांनी गुडघे आवळून भिंतीशी. दोरी जमिनीवर पडलेली.

आणि झोळी हलत होती.

पंख्याचा वारा असेल, असं माझ्या तोंडून गेलं. काकांनी वर पाहिलं. त्या खोलीत पंखाच नाही.

मी झोळी धरली. आत हात घातला. दुपट्यावर कापसाचं एक बोंड होतं. ताजं फुटलेलं, दवाने ओलं.

बाहेर आषाढ. वावरातल्या कपाशीला अजून फूलही लागलं नव्हतं.