काठाची वीस पावलं

आर्सेनियोने काडी ओढली, वाऱ्यापासून ज्योत जपत ओंजळ केली आणि पालापाचोळ्याच्या ढिगाकडे वाकला. तेवढ्यात बांबूच्या बेटामागून एक मुलगी आली आणि तिने फुंकर मारून ती विझवली.

गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर गवती टोपी, शर्टावर नगरपालिकेच्या नदी-रखवालदाराचा बिल्ला. आर्सेनियोला राग यायला हवा होता. तो नुसता बघतच राहिला.

"शेत माझं आहे, मनांग," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला त्या भागात मनांग म्हणत.

"शेत असेल. हा ढीग मगरीचा आहे. आत अंडी आहेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि मनांग कसली? शाळेत मी तुमच्या दोन वर्षं मागे होते. डेल्फिना."

त्याला ती आठवेना. तिने ते ओळखलं, आणि तिला ते थोडंसं लागलंही.

सिएरा माद्रेच्या डोंगरातून उतरणाऱ्या त्या नदीत गोड्या पाण्यातली एक लहानशी मगर राहते. फिलिपिन्सच्या बेटांबाहेर ती जगात कुठेच नाही, आणि बेटांवरही आता फार थोडी उरली आहे. डेल्फिनाच्या वाट्याला आलेल्या दोन मैलांच्या पात्रात अंडी घालणारी मादी एकच होती, आणि तिने नेमका आर्सेनियोच्या मक्याचा काठ निवडला होता. वडील गेल्यावर तो तुगेगाराओ शहरातलं गॅरेजमधलं काम सोडून गावी परतला होता. काठावरचं रान जाळायचं आणि पाण्यापर्यंत नांगर घालायचा, एवढाच त्याचा बेत होता.

पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायला तो कबूल झाला. मग रोज काहीतरी निमित्त काढून काठावर येऊ लागला. कधी कोयता विसरलेला असे, कधी केळीच्या पानात बांधलेला भात जास्तीचा झालेला असे. डेल्फिना भात घेई आणि नजर पाण्यावरच ठेवी.

"चावते का गं ती?" एकदा त्याने विचारलं.

"छेडलं तर."

"आणि तू?"

तिने पाण्यावरची नजर काढली नाही, पण कान लाल झाले… ते त्याने पाहिलं.

त्याच्या आईला, क्रिस्पिनाबाईंना, हे काही पसंत नव्हतं. त्यांचे आईवडील बाहेरून येऊन इथे जंगल तोडून वसलेले; मगर दिसली की मारायची, हेच त्यांना माहीत. डेल्फिनाचं घराणं मात्र नदीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, आणि मगरीला आजी म्हणणारं. अशा घरातली मुलगी आपल्या चुलीपाशी नको, असं बाई शेजारपाजारी सांगत.

जूनमध्ये वादळ आलं. दुपारपर्यंत पाणी घरट्याच्या पायथ्याला लागलं. अंडी हलवायची नाहीत, हा डेल्फिनाचा नियम होता; पण तासाभरात ती बुडणार, हे दिसत होतं. आर्सेनियो भाताच्या तुसाने भरलेली पेटी घेऊन धावत आला. मादी घरट्यापासून चार हातांवर होती, तोंड उघडून फुत्कारत होती.

आर्सेनियो एक लांब बांबू घेऊन मादी आणि डेल्फिना यांच्या मध्ये उभा राहिला. डेल्फिना पाला उपसत होती. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची आणि ते न फिरवता तसंच पेटीत ठेवायचं. उलटलं तर आतला जीव मरतो. घाई करून चालणार नव्हतं. मादी दोनदा अंगावर आली. दुसऱ्यांदा तिने बांबूचं टोक चावून तोडलं. डेल्फिनाने मान वर केली तेव्हा आर्सेनियोचे ओठ पांढरे पडले होते, पण पाय जागचे हलले नव्हते. ती पुन्हा खाली वाकली आणि उरलेली अंडी काढली. तेवीस निघाली.

नदी ओलांडून गावात जाणं शक्य नव्हतं. पेटी शेतावरच्या घरात, क्रिस्पिनाबाईंच्या चुलीपाशी उबेला ठेवावी लागली. बाई तीन आठवडे कुरकुरल्या. एका सकाळी पेटीतून बारीक, चिवचिवल्यासारखा आवाज आला. आर्सेनियो डेल्फिनाला घेऊन पोचेपर्यंत बाईंनी स्वतःच तूस बाजूला केलं होतं. त्यांच्या तळहातावर वीतभर लांबीचं पिल्लू होतं, आणि भूक लागली असेल का, असं त्या विचारत होत्या. चौदा पिल्लं जगली. ती थोडी मोठी करून नदीत सोडण्यासाठी मगरींच्या संगोपन केंद्राची माणसं घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी आर्सेनियो डेल्फिनाला म्हणाला, "काठाची वीस पावलं मी कधीच नांगरणार नाही. तुझ्यासाठी."

तो मोठ्या आनंदात होता.

"माझ्यासाठी नको," ती म्हणाली. "उद्या आपलं बिनसलं, तर नांगर घालशील. तिचं घर माझ्या होकारावर टांगून ठेवू नकोस."

त्याला ते फार लागलं. पुढे कित्येक दिवस तो काठावर फिरकला नाही. ती रोज येत होती. मादी दोनदा घरट्याच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली, तेही तिने एकटीनेच पाहिलं. भात आता ती घरून आणत होती, आणि तो तिला बेचव लागत होता.

सप्टेंबरमध्ये तो आला. हातात गावप्रमुखाचा शिक्का असलेला कागद होता. काठाची वीस पावलं कायमची पडीक. शेत विकलं तरी अट जमिनीबरोबर जाणार. खाली त्याची सही होती, आणि तिच्या शेजारी क्रिस्पिनाबाईंचा अंगठा.

"कुठेही तुझं नाव नाही," तो म्हणाला. "वाचून बघ."

तिने वाचलं. दोनदा वाचलं.

"आता माझ्याकडे तुला द्यायला काही उरलं नाही," तो म्हणाला. "तू नाही म्हणालीस तरी इथे काही बदलणार नाही. म्हणून आज विचारतोय… लग्न करशील माझ्याशी?"

डेल्फिनाने कागदाची नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवली. हात तिथेच राहिला.

"हो," ती म्हणाली. "तू बांबू धरून उभा होतास ना, तेव्हाच माझं ठरलं होतं."

त्याने बोटांवर महिने मोजले.

"जूनमध्ये?"

"जूनमध्ये."

"आणि तीन महिने मला नुसतं…"

"सही व्हायची होती," ती म्हणाली.