बसून राह्यली

फायबरच्या बोटीत पाणी आलं की तळ साबण लावल्यासारखा निसरडा होतो. त्यावर उपाय म्हणजे फोमची चादर. वर खरखरीत नक्षी, खाली चिकट थर. लावणं सोपं दिसतं, तसं ते अजिबात नाही. उन्हात गोंद क्षणात धरतो आणि मग देव आला तरी सोडत नाही. चुकलात तर चादर फाडूनच काढायची. बावीस वर्षांत मी तीनदा चुकलो, आणि तिन्ही वेळा घाई दुसऱ्याची होती.

मे महिन्यात भामरागडला गेलो ते याच कामाला. पावसाळ्यात इथले रस्ते तुटतात, म्हणून पेशंटना नदीपार न्यायला नवी बोट आली होती. पुण्याहून ट्रकवर आली ती थेट काठावरच्या मोहाच्या झाडाखाली, लाकडी ठोकळ्यांवर. तिला अजून पाणी लागलं नव्हतं. चालवणार होता इसरू, जवळच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, चाळिशीचा माणूस. कमी बोलायचा. मला ते बरंच वाटलं, कारण कामाच्या वेळी गप्पा हाणणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही.

पहिल्या दिवशी तळ घासला, स्पिरिटने दोनदा पुसला आणि कागद अंथरून साचा काढायला बसलो. कडेकडेने पेन्सिल फिरवायची, त्या मापावर फोम कापायचा. पेन्सिल पुढच्या टोकाजवळ पोचली आणि डाव्या बाजूला आत वळली. तिथे ना कडी, ना खुंटी. तरी रेघेने एक गोल वळसा घेतला आणि ती पुन्हा कडेला लागली. कागद सरकला असेल म्हणून दुसरा अंथरला. रेघ तिथेच वळली, आणि तेवढीच.

"कागद सरकतोय," मी म्हणालो.

इसरू त्या वळशाकडे बघत होता. मांडी घालून बसलेल्या माणसाला पुरेल एवढाच तो होता.

"सोमारी बसून राह्यली," तो हळूच म्हणाला.

सोमारी ही त्याची बायको. तिची गोष्ट चहावाल्या रंजीताबाईने मला सकाळीच सांगितली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी इसरू तिला माहेराहून आणत होता आणि मधल्या धारेत त्याचा लाकडी डोंगा पाण्याने भरला. तो ओरडला, उडी मार. तिला पोहता यायचं, तरी ती डोंग्याच्या पुढच्या टोकाला तशीच बसली. पुढे सापडलीच नाही. तेव्हा 'बसून राह्यली' म्हणजे त्या दिवशी बसून राहिली, असा सरळ अर्थ मी घेतला. बिचारा अजून त्याच दिवसात अडकलाय, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या नकाशावरून अख्खा तुकडा कापला. वळसाबिळसा काही नाही. ऊन तापायच्या आत, पाठचा कागद वीतवीत सोलत मागून पुढे आलो आणि रूळ फिरवला. सगळीकडे फोम बसला. पुढे डावीकडे मात्र हात काढला की तोही वर यायचा. दाबला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर. मी त्याखाली करंगळी घातली आणि झटकन ओढून घेतली.

तळ ओला होता. एव्हाना बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि ते पाणी खोल डोहातल्यासारखं गार. करंगळीला बारीक रेती लागली होती.

पुसलं, वाळवलं आणि रुळावर सगळा भार टाकला.

"दाबू नका भाऊ," इसरूचा आवाज फाटला होता. "तिले लागते."

"इसरूभाऊ, उद्या आरोग्य खात्याचे साहेब बघायला येणार. काम अर्धवट दिसलं तर बोट परत जाईल."

"तेवढी जागा सोडा. बोट चालवाले मी हो म्हटलं, थे काऊन? तिले दुसरं कुठी बसाले भेटत नाई."

मी त्याच्यावर खेकसणार होतो. खेकसलो नाही. माझी नंदिनी जाऊन तीन वर्षं झाली. पलंगाची तिची बाजू मी महिनाभर मोकळी ठेवली होती, चादरीला सुरकुती पडू दिली नव्हती. मग एका दुपारी झोपेत आडवा पसरलो. उठलो तेव्हा काहीच घडलं नव्हतं, कोणी रागावलं नव्हतं. त्या गोष्टीचं मला जेवढं रडू आलं तेवढं तिला पोचवून आल्यावरही आलं नव्हतं. आणि हा माणूस दोन वर्षं एक जागा सांभाळत होता.

मी कालचा कागद आणला आणि वळशावरून सुरी फिरवली. उरलेली कड लगेच चिकटली. त्या उघड्या जागेपुढे इसरू हात जोडून उभा राहिला. मी हत्यारं आवरली.

मग चहाला गेलो.

"बसा भाऊ," रंजीताबाई म्हणाली, "चहा उकळून राह्यला."

मी चुलीकडे पाहिलं. पातेल्यात चहा वर येत होता.

"उकळला, की उकळतोय?"

ती हसली. "तुमच्या डोळ्यासमोर उकळून राह्यला न!"

दोन दिवस हे बोलणं माझ्या कानावर पडत होतं. 'येऊन राह्यलो' म्हणजे येतोय. 'जेवून राह्यली' म्हणजे जेवतेय, आत्ता.

चहा न पिताच उठलो.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. मोकळ्या जागेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, हे काय? दोर ठेवायची जागा, मी म्हणालो. कामाच्या बाबतीत मी पहिल्यांदाच खोटं बोललो, आणि ते सहज जमलं. बोट पास झाली.

चाचणीला आम्ही दोघेच निघालो. दोघेही मागे बसलो होतो, तरी बोट पुढे डावीकडे कललेली. नद्यांच्या संगमाच्या मधोमध इसरूने इंजिन बंद केलं. पाणी हलत नव्हतं. तो पुढे बघून त्याच्या माडिया बोलीत काहीतरी बोलला, थांबला, मान हलवली, पुन्हा बोलला. घरात बायकोशी बोलतात तसंच.

मला हेवा वाटला. सरळ सांगतो, मला हेवा वाटला.

"इसरूभाऊ, तिला विचार ना," मी म्हणालो. "तिकडे नंदिनी नावाची कोणी आहे का?"

त्याने विचारलं.

बराच वेळ तो ऐकत होता.

"तिकडे नाई म्हणते."

"मग कुठे?"

त्याने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमच्या घरीच हाय म्हणते. बसाले जागा नाई, म्हून उभी राहून राह्यली."

या बोलण्यातला काळ आता मला कळत होता.

दोन दिवसांनी सकाळी घरी पोचलो. चपला काढल्या, बॅग खाली ठेवली. पलंगाजवळ, तिच्या बाजूला, वेताची खुर्ची ओढून ठेवली. तीन वर्षं उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगताना काय म्हणायचं, ते मला सुचेना.

"बस," एवढंच म्हणालो.

थोड्या वेळाने वेत करकरला, आणि खुर्चीची बैठक हळूहळू खाली गेली.